पुस्तिकेत नसलेलं वाक्य

दार उघडलं तेव्हा गालीना पेत्रोव्हना यांच्या हातात अर्धवट सोललेला बटाटा होता आणि माझ्या हातात पुस्तिका. सहावं पान मी बोटानं धरून ठेवलं होतं. तिथलं वाक्य जिना चढताना तीनदा घोकलं होतं, तरी ऐनवेळी शाळेतल्या ढ पोरासारखं वाचूनच म्हटलं.

“नमस्कार. आमच्या शिष्टमंडळाला आपली भेट घेऊन आनंद होत आहे.”

बाईंनी माझ्या खांद्यावरून जिन्यात डोकावून पाहिलं. उरलेलं शिष्टमंडळ कुठं दिसेना. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं नीट बघितलं, स्वतःच्या भुवयांवरून आडवं बोट फिरवलं आणि “वैजयंता!” असं ओरडून मला दंडाला धरून आत ओढलं. माझ्या आणि माझ्या मुलीच्या भुवया नाकाच्या वर जुळलेल्या आहेत. ओळख पटवायला तेवढं पुरलं.

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या सप्टेंबरातली गोष्ट, रशियातल्या व्होरोनेझ शहरातली. मी तेव्हा संगमनेरला शाळेत भूगोल शिकवत होतो आणि उरलेल्या वेळात विडी कामगारांची संघटना बघत होतो. सोव्हिएत मैत्री मंडळाचा तालुक्यातला एकमेव उत्साही सभासदही मीच. वैजूला तिकडं डॉक्टर व्हायची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा पेढे मी वाटले होते. जग एक आहे, सीमा माणसांनी आखल्या, हे नकाशावर छडी टेकवून मी दरवर्षी पोरांना सांगायचो. आणि सहा वर्षांनी, त्या जूनमध्ये वैजूचं पत्र आलं की डॉक्टर झाले, आता ल्योशाशी लग्न करून इथंच राहायचं म्हणते, तेव्हा मी दोन दिवस अंथरुणातून उठलो नाही.

माझी बायको अनुसया रडली नाही की ओरडली नाही. ती म्हणाली, “तुम्हीच धाडली ना तिला? आता तुम्हीच घेऊन या. एकटे आलात तर मी भांडणार नाय. पण बोलणारबी नाय.”

छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं दिलेला शब्द कधी मोडला नव्हता, म्हणून मला धडकी भरली.

सप्टेंबरात मैत्री मंडळाचं शिष्टमंडळ दोन आठवड्यांसाठी मॉस्कोला निघालं, त्यात मी नाव घातलं. तिथून व्होरोनेझला तीन दिवस जायची परवानगी काढली, आणि परतीच्या विमानात एक जागा वैजूच्या नावानं धरून ठेवली. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं.

शनिवारी वैजू आणि तो ल्योशा मला स्टेशनवर घ्यायला आले. मुलगा उंच, हडकुळा, दवाखान्यातली एक्स-रेची यंत्रं दुरुस्त करणारा. त्यानं माझी पेटी उचलली आणि दिवसभर एक शब्द बोलला नाही. मीही नाही. वैजू म्हणाली, “नाना, उद्या मला तीनपर्यंत ड्यूटी आहे आणि ल्योशा बटाटे काढायला शेतावर जाईल. चार वाजता आपण दोघं त्याच्या आईकडं जाऊ. मी असेन ना, सगळं समजावून सांगेन.”

ते समजावून सांगणंच मला नको होतं. दुभाषा म्हणून मधे नवरीच बसली, तर माझं ‘नाही’ पलीकडं पोचेपर्यंत त्याचं ‘बघू या’ होणार हे मी ओळखून होतो. म्हणून रविवारी दुपारी बाराच्या सुमारास मी एकटाच निघालो. पत्त्याचा कागद दिसेल त्याला दाखवत, दोन ट्राम बदलून पोचलो.

माझी सगळी भिस्त त्या पुस्तिकेवर होती. तळहाताएवढी, निळ्या कापडी बांधणीची. पानावर तीन रकाने. डावीकडं मराठी, मधे रशियन, उजवीकडं तीच रशियन देवनागरीत लिहिलेली. शिष्टमंडळांसाठीच तयार केलेली असल्यानं तिचे भागही तसेच होते: कारखान्यात, सामूहिक शेतीवर, सभेत, हॉटेलात, डॉक्टरकडे. ‘या ट्रॅक्टरची क्षमता किती?’ हे मला तिच्यातून अस्खलित विचारता आलं असतं. मुलीचं लग्न मोडणं हे शिष्टमंडळांच्या कार्यक्रमात बसत नसावं. तरी ‘सभेत’ या भागात मला हवं ते वाक्य सापडलं होतं आणि त्याखाली मी पेन्सिलीनं रेघ ओढली होती.

गालीनाबाईंनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. वैजूनं पत्रात लिहिलं होतं की ल्योशाची आई विधवा, ट्राम चालवते. मनगटं तशीच होती. चारच्या पाहुण्यासाठी दोन पातेली शेगडीवर होती आणि पाहुणा सव्वाबारालाच येऊन बसल्यानं त्यांची धांदल उडाली होती. त्या भराभरा काहीतरी बोलत होत्या. मी पुस्तिका उघडून रेघेवर बोट ठेवलं.

‘आमच्या शिष्टमंडळाला हा प्रस्ताव मान्य नाही.’

त्यांनी हात एप्रनला पुसले, कपाटातून चष्मा आणला, वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. आता बाई रडणार किंवा मला हाकलणार, अशी मी मनाची तयारी केली. त्यांनी शेगडी बारीक केली, माझ्यासमोर बसल्या, पुस्तिका आपल्याकडं ओढून पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवून पुस्तिका माझ्याकडं फिरवली.

‘कृपया कारणे द्यावीत.’

मी कारणं शोधू लागलो. ‘अंतर फार आहे’ हे ‘प्रवासात’ मिळालं. ‘आमच्याकडील हवामान उष्ण आहे’ हे ‘सामूहिक शेतीवर’ मिळालं. मग ‘भाषेची अडचण आहे’ यावर मी ठासून बोट ठेवलं. बाईंनी ते वाचलं, पुस्तिकेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि एकदम हसत सुटल्या. मलाही हसू आवरेना. हसणं संपल्यावर त्यांनी शांतपणे दाखवलं, ‘ही अडचण दूर करता येईल.’

माझ्याकडं आणखी कारणं नव्हती असं नाही. आपल्या भावकीत काय तोंड दाखवायचं, हे होतं. अनुसया जन्मभर अबोला धरेल, हे होतं. आणि खरं म्हणजे एकुलती एक पोर हजारो मैलांवर राहणार, तिथं तिला दुखलंखुपलं तर कोण, हे होतं. त्यातलं एकही पुस्तिकेत नव्हतं. ‘डॉक्टरकडे’ या भागात मी बराच वेळ पानं उलटत बसलो. शेवटी ‘मी आजारी आहे’ या वाक्यावर बोट ठेवलं, मग खिशातून वैजूचा फोटो काढून त्यावर ठेवलं आणि तळहात उताणे केले. म्हणजे, ही आजारी पडली तर?

बाई उठून आतल्या खोलीत गेल्या. येताना त्यांच्या हातात शाळेतल्या पोरांची असते तशी चौकटीची वही होती. त्यांनी पुस्तिकेत ‘ताप’ दाखवला, मग ‘फुफ्फुसाला सूज’, मग फोटोवर बोट ठेवलं आणि वही उघडली.

वरती तारीख होती. शहाऐंशीचा जानेवारी. खाली दिवसाला दोन नोंदी, सकाळची आणि संध्याकाळची. सेल्सिअस मला शिकवायला लागत नाही. एकोणचाळीस पॉइंट दोन. एकोणचाळीस पॉइंट आठ. चाळीस पॉइंट एक. त्या आकड्याभोवती पेन इतकं दाबून फिरवलं होतं की कागद फाटला होता. मी बोटानं दिवस मोजले. तेवीस. शेवटच्या चार ओळींत छत्तीस पॉइंट सहा, आणि पुढं एक छोटं फूल काढलेलं.

बाईंनी मला हाताला धरून आतली खोली दाखवली. खाटेकडं बोट केलं आणि फोटोकडं. मग खाटेशेजारच्या जमिनीकडं बोट केलं आणि स्वतःकडं.

शहाऐंशीच्या जानेवारीत वैजूचं मला चार ओळींचं पत्र आलं होतं. अभ्यास फार आहे, बर्फ खूप पडतो, मी मजेत आहे, आईला सांगा. पत्र इतकं लहान का, म्हणून मी रागानं तिला दोन पानांचं उत्तर लिहिलं होतं, वेळेच्या नियोजनावर. तेव्हा लग्नाचं नावही कुणी काढलं नव्हतं. मुलाच्या ओळखीतली एक परदेशी पोरगी, एवढंच नातं होतं तिचं या बाईंशी. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि खाली ट्रामचे रूळ आहेत याची उगाच खात्री करून घेतली.

परत आलो तर टेबलावर ताट मांडलेलं. लालभडक बीटाचं सूप, वर घट्ट साईची गुठळी. उकडलेले बटाटे, त्यांवर हिरवी पानं चिरून टाकलेली. खारवलेल्या काकड्या. कोबीचं सारण भरलेले बोटभर लांबीचे तळलेले पाव, एकावर एक रचलेले. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. वासानं जीव कासावीस झाला.

मी चमच्यासाठी हात पुढं केला आणि तो तिथंच थांबला.

का थांबला, ते कळायला मला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मीच दचकलो. मी घरात कधी सत्यनारायण होऊ दिला नाही. वडिलांचं दहावं घातलं नाही म्हणून भावकीनं वर्षभर वाळीत टाकलं, तरी बधलो नाही. आणि आता एका परक्या स्वयंपाकघरात बसून मला ताट दूर सरकवावं लागलं.

बाईंनी खुणेनं म्हटलं, खा. मी हात जोडले. त्यांनी चहाचा पेला पुढं केला. मी तोही बाजूला ठेवला. त्यांनी ‘डॉक्टरकडे’ उघडून ‘पोटात दुखते काय?’ यावर बोट ठेवलं. मी नाही म्हणून मान हलवली. ‘हॉटेलात’ या भागात त्यांना ‘पदार्थ आवडला नाही काय?’ हे मिळालं. मी पुस्तिका हिसकून घेतली आणि ‘भोजन उत्कृष्ट होते, आभारी आहोत’ यावर बोट ठेवलं. त्यांनी त्या वाक्याकडं पाहिलं आणि भरल्या ताटाकडं पाहिलं.

मी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत शोधलं. मला सांगायचं होतं ते कुठंच नव्हतं. ते सांगायची वेळ कुठल्या शिष्टमंडळावर आली असणार?

शेवटी बाईंनीच ‘सभेत’ काढलं आणि माझ्या पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवून भुवया उंचावल्या. मी जोरजोरानं मान हलवली. पण मी प्रस्तावाला नाही म्हणतोय की त्या वाक्यालाच नाही म्हणतोय, हे त्यांना कसं कळावं? त्यांनी पुस्तिका मिटून माझ्यासमोर ठेवली. ताटल्यांवर ताटल्या उपड्या घालून एकेक पदार्थ झाकला. एप्रन सोडून खुंटीला लावला आणि भिंतीकडं तोंड करून भांडी धुवायला लागल्या. धुतलेलीच भांडी त्या पुन्हा धुवत होत्या. असेच तीन वाजून गेले.

वैजू आली ती धापा टाकत. मी उतरलो होतो त्या हॉस्टेलवर मी नाही म्हटल्यावर तिला अंदाज आलाच असणार.

“नाना, एकटे आलात तुम्ही?”

गालीनाबाई तिच्याशी हळू आवाजात दोन-तीन वाक्यं बोलल्या. वैजूनं झाकलेलं टेबल पाहिलं.

“यांच्या घरचा चहासुद्धा घेतला नाहीत?”

“नाही.”

“पाणी?”

“पाणीही नाही.”

तिचा चेहरा असा झाला की मला तो अजून आठवतो. “नाना, मांस चालतं की नाही, तिखट लागतं की नाही, हे त्यांनी परवापासून मला चारदा विचारलं. काल ड्यूटीवरून येऊन त्या कोबी चिरत बसल्या होत्या. तुम्ही आयुष्यभर कुठल्या कुठल्या वस्तीवर पंगतीला बसलात. लोकांनी नावं ठेवली, तरी बसलात. मी सगळ्यांना सांगते, माझे नाना कसे आहेत ते. आणि इथंच बाटला असतात? लग्न नको तर तोंडानं सांगायचं. त्यांचं ताट कशाला लोटायचं?”

ती रडत होती.

“बस जरा,” मी म्हटलं.

“मी नाही बसत.”

“बरं, उभी राहा. राहुरीची आत्या आठवते का?”

“आत्याचं काय मधेच?”

“तुझे आजोबा तिला भेटायला जायचे, तेव्हा जेवायचे कुठं?”

“गावाबाहेर. लिंबाखाली. घरून बांधून नेलेली भाकरी.” ती चिडून म्हणाली. “तुम्हीच तर त्यांची नक्कल करायचात. पाण्याचा तांब्यासुद्धा घरून न्यायचे म्हणून.”

“मग आत्याच्या घरात पहिल्यांदा कधी जेवले?”

“शिवादादा झाला तेव्हा. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं अन्न...”

ती बोलता बोलता थांबली. मग माझ्याकडं बघत बघत खुर्चीवर बसली.

“अडाणीपणा आहे तो,” मी म्हटलं. “मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं तसं. आत्या रडायची, तर मी त्यांच्याशी भांडलो होतो. पण मघाशी ताट पुढं आलं आणि माझा हातच उचलेना, त्याला मी काय करू? वैजू, जिथं मुलगी द्यायची नाही, तिथं मी पोटभर जेवून उठलो असतो. सूप दोनदा मागून घेतलं असतं.”

वैजूनं तोंडावर ओढणी घेतली. मग ती गालीनाबाईंकडं वळली आणि सांगायला लागली. ते सांगणं खूप लांबलं. त्यात हातवारे झाले, लिंबाचं झाड झालं, तांब्या झाला. बाई हातातलं फडकं पिळत ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी आधी डोळे पुसले आणि मग ट्राम चालवणाऱ्या बाईला शोभेल असा सरळ प्रश्न विचारला.

“त्या म्हणतात,” वैजू म्हणाली, “अडचण अन्नाची आहे की घराची?”

माझ्या वडिलांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, अन्नाची, घराची, आणि गावच्या पाण्याचीसुद्धा. पण मी वीस वर्षं कारखानदारांशी वाटाघाटी केल्या होत्या आणि मला भयंकर भूक लागली होती.

“घराची,” मी म्हटलं.

बाईंनी सुपाचं पातेलं उचललं, पायानं दार उघडलं आणि जिन्यापलीकडच्या समोरच्या दारावर कोपरानं धडका दिल्या. तामारा नावाच्या शेजारणीनं दार उघडलं. ती केसांना बांधलेल्या फडक्यातच होती. तिला काय सांगितलं कोण जाणे, पण पाच मिनिटांत तिचं टेबल मोकळं झालं आणि बटाटे, काकड्या, पाव सगळं तिकडं गेलं. मी तामाराबाईंचा पाहुणा म्हणून त्यांच्या खुर्चीवर बसलो.

गालीनाबाई मात्र आल्या नाहीत. दोन्ही दारं उघडी टाकून त्या आपल्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि तिथून माझा प्रत्येक चमचा मोजल्यासारखा बघत राहिल्या. वाडगं संपलं तशा तिथूनच काहीतरी ओरडल्या.

“अजून वाढू का विचारतात,” वैजू म्हणाली.

“वाढा म्हणावं.”

तिसरं वाडगं चालू असताना ल्योशा बटाट्याचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढून आला. आईला एका दारात, मला दुसऱ्या घरात आणि वैजूला मधे हसताना बघून तो पोत्यासकट तिथंच उभा राहिला. मी उठलो आणि मातीनं भरलेला त्याचा हात हातात घेतला.

परतीच्या विमानात माझ्याशेजारची जागा रिकामी होती. मॉस्को ते मुंबई आणि मुंबई ते संगमनेर मी अनुसयेला काय सांगायचं ते जुळवत होतो. वहीपासून सुरुवात करावी, की मुलापासून? ती कुठं मधे तोडेल, मग मी काय म्हणायचं? संघटनेच्या एकाही सभेची मी इतकी तयारी केली नव्हती.

घरी पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. अनुसया पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. तिनं रस्त्याकडं पाहिलं. रिक्षा वळून निघून गेली होती.

“पोरगी कुठंय?”

मी तोंड उघडलं, पण तिनंच पुढं विचारलं, “त्यांच्या घरी गेला होता का?”

“गेलो होतो.”

“जेवलात?”

“त्यांच्याकडं नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. शेजारणीकडं जेवलो.”

अनुसया तांब्या हातात तसाच धरून उभी राहिली. आता अबोला सुरू झाला असं समजून मी चपला काढायला वाकलो. तिनं माझ्या पायांवर पाणी घातलं, पदरानं डोळे टिपले आणि विचारलं,

“विहीणबाईंचं नाव काय?”